पांढरं पांढरं का येत नाही? नव्या कॅमेऱ्याबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी बरीच पत्रं नवा कॅमेरा घेतलेल्यांची आहेत, आणि वाचताना लक्षात आलं की प्रश्न वेगवेगळे वाटले तरी पहिल्या दोन-तीन पत्रांचं मूळ एकच आहे. म्हणून ती आधी घेते आणि त्यांना जरा जास्त जागा देते, बाकीची पटापट.

ताई, महिन्याभरापूर्वी आयुष्यातला पहिला डिजिटल कॅमेरा घेतला, सोबत १८-५५ ची लेन्स आहे. ऑटोवर फोटो ठीक येतात पण ज्याला विचारावं तो म्हणतो मॅन्युअलवर टाक, नाहीतर कधीच शिकणार नाहीस. टाकलं तर एक फोटो काळाकुट्ट, पुढचा पांढराफट्ट. तीन आकड्यांपैकी आधी कुठला फिरवायचा तेच कळत नाही. सुरुवात कुठून करू?

मॅन्युअल सध्या राहू द्या. ते वाईट आहे म्हणून नाही, पण एकाच वेळी तीन आकडे हातात घेतले की कशामुळे काय झालं हे कळायला मार्गच उरत नाही, आणि माणूस आठवड्याभरात कंटाळून परत ऑटोवर जातो. हे मी इतक्या जणांच्या बाबतीत बघितलंय की आता कुणी नवीन माणूस विचारायला आला की मी आधी डायल 'ए' वर ठेवायला सांगते. काही कॅमेऱ्यांवर तिथे 'एव्ही' लिहिलेलं असतं, कॅननवाल्यांकडे एव्ही आणि टीव्ही, निकॉन-सोनीवाल्यांकडे ए आणि एस, गोष्ट तीच. ए मध्ये अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती मोठं) तुम्ही ठरवायचं, शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं) कॅमेरा ठरवतो. आयएसओ (मिळालेला प्रकाश कॅमेरा किती वाढवून दाखवतो तो आकडा) आधी ४०० वर पक्का करून टाका, ऑटो आयएसओ बंद. हे बंद करणं महत्त्वाचं आहे बरं का, कारण तो चालू असला की तुम्ही एक आकडा बदलता, कॅमेरा गुपचूप आयएसओ बदलून भरपाई करतो, फोटो जसाच्या तसा, आणि तुम्हाला वाटतं की बटणच चालत नाहीये.

आता एक शब्द पक्का करा, स्टॉप. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा, बस. शटर १/६० चं १/१२५ केलं की प्रकाश निम्मा, एक स्टॉप कमी. आयएसओ ४०० चा ८०० केला की फोटो एक स्टॉप उजळ. अ‍ॅपर्चरचे आकडे तेवढे विचित्र वाटतात, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, आणि आकडा वाढला की प्रकाश कमी होतो हे तर डोक्यात बसतच नाही सुरुवातीला. पण तो भागाकार आहे. ५० एमएमच्या लेन्सचं भोक २५ एमएम असेल तर ५० भागिले २५, म्हणजे एफ २. भोक साडेबारा एमएम केलं तर एफ ४. व्यास निम्मा झाला म्हणजे क्षेत्रफळ पाव झालं, म्हणून २ वरून ४ वर गेलं की दोन स्टॉप जातात आणि अधेमधे तो २.८ येतो. एकदा कागदावर गोल काढून बघा, मग पाठ करावं लागत नाही.

म्हणजे आयएसओ ४०० ला एफ ५.६ आणि १/६० वर जेवढा उजळ फोटो येतो तेवढाच एफ ४ आणि १/१२५ वर येणार, आणि एफ ८ आणि १/३० वर पण. उजेड तोच, फक्त एफ ४ ला मागचं जास्त धूसर आणि १/३० ला हात हलायची भीती. आणि डायलची एक टिकटिक म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत एक तृतीयांश स्टॉप असते, तीन टिका म्हणजे एक स्टॉप. १२५, १६०, २००, २५०, असं. बोटांना हे मोजायची सवय लागली की अर्धं काम झालं.

पंधरा दिवस फक्त ए मोड आणि अधिक-उणेचं बटण. ते बटण काय करतं ते पुढच्या पत्रात.

आमच्याकडे पांढरं मांजर आहे आणि बहिणीकडे काळं. माझ्या नव्या कॅमेऱ्यात पांढरं मांजर मळकट येतं आणि काळं धुरकट, राखेत लोळल्यासारखं. दोन्ही वेळा स्क्रीनवर मीटरचा काटा बरोबर मध्ये शून्यावर असतो. शून्यावर आहे म्हणजे एक्सपोजर, फोटोला मिळालेला प्रकाश, बरोबर ना? मग कॅमेऱ्यात काही खराबी आहे का?

कॅमेरा एकदम ठीक आहे, आणि मला हे पत्र फार आवडलं कारण शिकण्यासारखं सगळं याच्यात आहे.

मीटर म्हणजे कॅमेऱ्यातलं प्रकाश मोजणारं यंत्र, त्याला मांजर दिसत नाही. त्याच्यापर्यंत फक्त परत येणारा प्रकाश पोचतो, आणि तो कमी का आहे हे त्याला कळायला मार्ग नाही, वस्तू काळी आहे म्हणून की खोलीत अंधार आहे म्हणून. मग तो एक अंदाज धरून चालतो की समोर जे काही आहे ते सरासरी मधल्या राखाडी रंगाचं असणार. फोटोग्राफीत त्या राखाडीसाठी १८ टक्क्यांचा आकडा वापरतात, म्हणजे त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला १८ टक्के परत पाठवणारा. पानं, रस्ता, माणसं, थोडं आकाश असं सगळं मिसळलं की हा अंदाज बऱ्यापैकी जमतो. पण अख्ख्या फ्रेममध्ये पांढरं मांजर असलं की मीटर म्हणतो बाप रे केवढा उजेड, आणि ओढून खाली आणतो. काळं असलं की वर ढकलतो. शून्य म्हणजे "मी याला राखाडी केलं" एवढंच तो सांगतोय, बरोबर-चूक त्याला माहीत नाही.

आता हे माझ्या सांगण्यावर ठेवू नका, दहा मिनिटं काढून करून बघा. खिडकीजवळ दिवसा एक पांढरा कागद आणि एक काळं सुती कापड शेजारी शेजारी ठेवा, दोन्हीवर उजेड सारखा पडला पाहिजे, चकाकणारं कापड नको आणि तुमची सावली पण पडू देऊ नका. आयएसओ ४००, एफ ५.६, ए मोड. आधी कागद पूर्ण फ्रेमभर घ्या, कडेचं काही दिसता कामा नये, फोकस होत नसेल तर फोकस मॅन्युअल करून सोडून द्या, इथे फोकसचं काही काम नाही. शटर स्पीड लिहून ठेवा, समजा १/२५० आला. मग फक्त कापड फ्रेमभर, समजा १/१५ आला. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून बघा, कागद कुठला आणि कापड कुठलं ते पोत बघूनच ओळखावं लागेल, दोन्ही तसेच राखाडी.

आता अधिक-उणेचं बटण, एक्सपोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात ते. कागदासाठी अधिक २ करा, १/२५० चा १/६० होईल आणि कागद कागदासारखा पांढरा दिसेल. कापडासाठी उणे २ करा, १/१५ चा होईल... १/६०! दोन्हीकडे तेच. तुमच्या खिडकीत आकडे वेगळे येतील, कागदाला पावणेदोनच पुरेल, कापडाला दीडच लागेल कदाचित, पण दोन्ही एकमेकांच्या अगदी जवळ येऊन थांबतील. आणि येणारच की, खिडकीतून येणारा उजेड कुठे बदलला होता! बदलली ती फक्त समोरची वस्तू, आणि मीटर तिलाच फसला.

मला स्वतःला हे ज्या दिवशी समजलं त्या दिवसापासून मीटर बघायची माझी पद्धतच बदलली. आता कॅमेरा उचलायच्या आधी मी स्वतःला विचारते, समोरचं हे मधल्या राखाडीपेक्षा उजळ आहे का गडद, आणि किती. पांढऱ्या मांजराला अधिक एक ते दीडपासून सुरू करा, कारण अधिक २ ला त्याच्या केसांचा तपशील उडायची भीती असते. काळ्याला उणे एक. मागे काय आहे त्यावर थोडं कमी-जास्त करावं लागेल. आणि काम झालं की बटण परत शून्यावर आणा, बऱ्याच कॅमेऱ्यांत ते कॅमेरा बंद केला तरी तसंच राहतं. मी एकदा असंच अधिक दीड विसरून दुसऱ्या दिवशी सकाळभर उन्हात फोटो काढत राहिले होते, आकाश सगळ्यात पांढरं, त्यातला एकही वाचवता आला नाही.

मग मॅन्युअल मोड नक्की कधी वापरायचा? की ए मोडवरच आयुष्यभर राहिलं तरी चालतं?

चालतं की, खूप मुरलेले लोक दिवसभर ए वर असतात. पण वरचा कागद-कापडाचा खेळ केलात तर उत्तर तुम्हालाच सापडेल. उजेड तोच आहे आणि समोरच्या वस्तू बदलतायत, तिथे मॅन्युअल. एका खोलीत एकाच दिव्याखाली दहा माणसांचे फोटो काढायचेत, एकाचा शर्ट काळा एकाचा पांढरा, तर एकदा एक्सपोजर ठरवा आणि हातच लावू नका, दहाही चेहरे सारखे येतील. ए वर काढलेत तर शर्टाप्रमाणे चेहऱ्यांची उजळता बदलत राहील. उलट ढग येतायत जातायत, तुम्ही सावलीतून उन्हात चालताय, तिथे मॅन्युअलवर माणूस आकडेच फिरवत बसतो आणि समोरचा क्षण जातो.

मॅन्युअलचा हात बसवायचा असेल तर लख्ख उन्हात जा, कारण तिथला आकडा मीटरशिवायच माहीत आहे. स्वच्छ उन्हात, सूर्य तुमच्या पाठीमागे असताना एफ १६, आणि शटर म्हणजे एक भागिले आयएसओ. आयएसओ १०० असेल तर १/१२५ धरा. फिल्मच्या काळापासून लोक हे वापरतात आणि आजही चालतं. मग तिथून तुम्ही स्टॉप मोजत एफ ८ वर या, दोन स्टॉप उघडलं म्हणून शटर १/५००. फोटो सारखेच उजळ आले पाहिजेत. आले की समजा जमलं.

घरात मुलं खेळताना काढलेले सगळे फोटो हललेले येतात. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे ते चालू आहे. आयएसओ वाढवला की दाणे येतात म्हणून मी १०० च्या वर जातच नाही. काय चुकतंय?

आयएसओ १०० चुकतंय, बाकी सगळं त्याच्यामागून आलंय.

हलण्याचे दोन प्रकार असतात आणि ते वेगळे ओळखायला शिका. फोटो मोठा करून बघा, जर सोफा, भिंतीवरचं घड्याळ सगळंच फिसकटलंय तर तुमचा हात हलला. सोफा खणखणीत आणि फक्त पोरगं फिसकटलंय तर पोरगं हललं. स्टॅबिलायझेशन पहिल्यावर उपाय आहे, दुसऱ्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही. हातासाठी जुना हिशोब असा की शटर एक भागिले फोकल लेंथपेक्षा (लेन्सचा एमएमचा आकडा) हळू नको, ५० एमएमला १/५० पेक्षा हळू नको, आणि कॅमेऱ्याचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा (जुन्या ३५ एमएम फिल्मएवढा) लहान असेल तर दीडपट धरून १/८० म्हणा. पण मुलांसाठी हा हिशोब विसरा. बसून खेळणाऱ्या मुलाला १/१२५ ते १/२५०, पळणाऱ्याला १/५००, तेवढं लागतंच.

घरातल्या दिव्यात १/२५० मिळवायचा तर लेन्स पूर्ण उघडा आणि तरी आयएसओ ३२०० किंवा ६४०० होईल, होऊ द्या. दाणे येतील. पण ताई-दादांनो, दाणे असलेला फोटो बघता येतो, हललेला चेहरा परत स्थिर होत नाही. आणि दाण्यांबद्दल एक मोठा गैरसमज आहे, की ते आयएसओच्या आकड्यातून येतात. बरेचसे दाणे प्रकाशच कमी मिळाल्यामुळे दिसतात, आयएसओ वाढवला की ते आपल्या नजरेला येतात एवढंच. म्हणून आयएसओ कमी ठेवून काळपट फोटो काढायचा आणि मग कॉम्प्युटरवर उजळ करायचा यात काहीच वाचत नाही, बऱ्याचदा सावल्या आणखी खराब होतात.

तुम्हाला ऑटो आयएसओ चालू करायला सांगेन, हो, वर एकांना बंद करायला सांगितलंय ते शिकताना, तुम्हाला मुलांमागे पळायचंय. एस मोड (कॅननवर टीव्ही, यात शटर तुम्ही ठरवायचं), शटर १/२५०, ऑटो आयएसओची वरची हद्द ६४००. आणि दिवसा त्यांना खेळायला खिडकीपाशी बसवा, खोलीच्या आतल्या कोपऱ्यापेक्षा तिथे सहज दोन-तीन स्टॉप जास्त उजेड असतो. तीन स्टॉप म्हणजे आयएसओ ६४०० च्या जागी ८००, एवढा फरक नवी लेन्स न घेताच पडतो.

चंद्राचा फोटो काढला तर काळ्या आकाशात पांढरा ठिपका. त्यावरचे डाग अजिबात नाहीत.

हे पुन्हा मांजरच. फ्रेमभर काळं आकाश आहे, मीटर त्याला राखाडी करायला जातो आणि त्यात चंद्र जळून जातो. तुम्ही अंधारात उभे आहात म्हणून आपल्याला वाटतं रात्रीचा फोटो, पण चंद्रावर भरदुपारचं ऊन पडलंय. त्यामुळे आकडे पण उन्हातलेच जवळपास, पूर्ण चंद्राला आयएसओ १००, एफ ११, १/१२५ पासून सुरू करा, किंवा एफ ८ आणि १/२५०. मॅन्युअल मोड. कोर असेल तर दोन-तीन स्टॉप वाढवा.

मात्र १८-५५ च्या लेन्सकडून फार आशा ठेवू नका. सेन्सरवर पडणारं चंद्राचं चित्र फोकल लेंथच्या साधारण ११० व्या भागाएवढं असतं, म्हणजे ५५ एमएमला अर्धा मिलिमीटर, आणि सेन्सर बहुतेक तेवीस-चोवीस मिलिमीटर रुंद. डाग दिसतील, पण बारीक. ३०० एमएमपासून मजा सुरू होते.

आईचा खिडकीपाशी बसलेला फोटो काढायचा होता, चेहरा काळा आला आणि बाहेरचं सगळं छान. फोटो परत काढायचाय, यावेळी चुकायला नकोय.

बाहेरचं ऊन आणि आतला चेहरा यात चार-पाच स्टॉपचा फरक सहज असतो, दोन्ही एकदम नीट येणं अवघड. तेव्हा आधी ठरवा की फोटो कुणाचा आहे. आईचा आहे ना, मग बाहेरचं पांढरं पडलं तर पडू द्या. मीटरिंग स्पॉटवर टाका (मग मीटर फक्त एका लहानशा जागेवरचा प्रकाश मोजतो), चेहऱ्यावर मोजा, नाहीतर साधं अधिक दीड किंवा दोन करा. स्पॉट सुद्धा चेहऱ्याला मधला राखाडीच समजणार हे विसरू नका, रंग उजळ असेल तर अधिक अर्धा-एक, सावळा असेल तर शून्य किंवा थोडं उणे.

पण मी असते तर आकड्यांच्या आधी खुर्ची हलवली असती. खिडकी आईच्या पाठीमागून काढून तिच्या बाजूला आणा, तुम्ही खिडकीला खेटून उभे राहा म्हणजे खिडकी फ्रेममध्ये येणारच नाही. मग चेहऱ्याच्या एका बाजूला मऊ उजेड, दुसरीकडे हलकी सावली, आणि बाहेरचं काही सांभाळायचंच नाही. एफ ४, १/१२५, आयएसओ बघून. वीस-पंचवीस फोटो काढा, आयांना कॅमेऱ्यासमोर सैल व्हायला वेळ लागतो आणि चांगला फोटो बहुतेक त्यांचं लक्ष दुसरीकडे गेल्यावर मिळतो.

रात्री कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो मस्त उजळ दिसतात, घरी कॉम्प्युटरवर बघितले की काळे.

अंधारात डोळ्यांना स्क्रीन झगझगीत वाटते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. हिस्टोग्राम चालू करा, फोटोत गडद-उजळ किती आहे ते दाखवणारा आलेख, डावीकडे गडद, उजवीकडे उजळ. मधोमध डोंगर आलाच पाहिजे असं काही नसतं, रात्रीचा फोटो डावीकडेच झुकणार. उजव्या भिंतीला ढीग लागलाय का एवढं बघा, लागला असेल तर तिथला तपशील गेला. उजळ भाग लुकलुकून दाखवायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती कायम चालू ठेवा.

रॉ मध्ये काढू की जेपेग?

शिकताना दोन्ही एकदम. जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो, रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती. जेपेगवरून रोजच्या चुका दिसतात आणि रॉ पुढे कामाला येतं. जेपेगमध्ये दर रंगाला २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉ मध्ये १६,३८४, म्हणून एक-दोन स्टॉपने काळपट झालेला रॉ बराच सावरता येतो. पूर्ण पांढरं पडलेलं मात्र रॉ मध्ये पण परत येत नाही.

लेन्सवर ३.५-५.६ लिहिलंय. मी ३.५ ठेवते आणि झूम केलं की आपोआप ५.६ होतं, शटर पण हळू होतं. बिघाड आहे का?

नाही, लेन्सच तशी आहे. १८ ला जास्तीत जास्त ३.५, ५५ ला ५.६, मध्ये सव्वा स्टॉपच्या वर जातो. मॅन्युअलमध्ये काढत असाल तर ५.६ वरच ठेवा, मग झूम केलं तरी उजळता बदलणार नाही. आणि अंधार असेल तर झूम न करता दोन पावलं पुढे जा.

एलईडी दिव्याखाली फोटोत आडवे काळे पट्टे येतात, कधी येतात कधी नाही.

दिवा लुकलुकतोय, आपल्या डोळ्यांना कळत नाही एवढंच. वीज ५० हर्ट्झची असेल तर असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक फोटोत लुकलुक पूर्ण मोजली जाते आणि पट्टे जातात. ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२५. सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर चालू असेल तर आधी ते बंद करून मेकॅनिकलवर या, पट्टे बहुतेक त्याच्यामुळेच ठळक होतात. मेनूमध्ये अँटी-फ्लिकर दिसलं तर तेही चालू करा, आणि १/५० वर समोरच्याला क्षणभर स्थिर बसायला सांगा.